मोड आलेली मटकी आणि उघडलेली जखम

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची एक मागणी आली. त्या मागणीमुळे मला बरीच जुनी पुस्तकं उघडावी लागली. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

मागणी होती दोन हजार चारशे रुपयांची. शेळीसाठी नव्हती, शिलाई मशीनसाठी नव्हती, मुलाच्या फीसाठीही नव्हती. कोलॅजनच्या पावडरच्या डब्यासाठी होती. मागणारी आमची एक काकू, चाळिशीतली, ऊसतोडीला आणि कांद्याच्या काढणीला जाणारी. तिने साडीचा काठ जरा वर केला. नडगीवर कोयत्याचा घाव होता. दोन महिने झाले होते, तरी तो नीट भरला नव्हता. हाताची कातडी भेगाळलेली होती.

"ताई, तो पावडरवाला सांगत होता, कातडीत कोलॅजन कमी पडलंय म्हणून जखम भरत न्हाई. दोन डबे खाल्ले की चेहराबी उजळतोय म्हणे."

बाकीच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगते, मी गप्प बसले. कारण वर्षापूर्वी तसाच एक डबा मीही घेतला होता. डोळ्याखाली काळं दिसायला लागलं म्हणून घेतला, घरात कुणाला न सांगता, कपाटात साड्यांच्या मागे ठेवून खाल्ला. तेव्हा मी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. आता गटाच्या पैशाचा प्रश्न होता. दहा बायांनी आठवड्याला पन्नास-पन्नास रुपये टाकून साठवलेला तो पैसा. मी म्हटलं, "ठराव पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर मी माहिती काढते. आणि काकू, उद्या सकाळी आपण दवाखान्यात जायचं."

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. त्यामुळे माहिती काढायची म्हटलं की माझं डोकं आधी मागे जातं. हे कोलॅजन म्हणजे काय, ते कुणाला कसं कळलं, याच्या मागे मी निघाले. तो रस्ता समुद्रावरून गेला, एका लढाईतून गेला, आणि फिरून आपल्याच ओट्यावर फडक्यात बांधलेल्या मटकीपाशी आला.

आधी शब्दाचा अर्थ बघू. कोलॅजन हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'कोला' या शब्दावरून आलाय, आणि कोला म्हणजे सरस. आपल्या गावात सुतार लाकूड जोडायला सरस वापरायचे, तो आठवतो ना? जनावराची कातडी, हाडं, शिरा पाण्यात खूप वेळ उकळल्या की तो चिकट सरस निघायचा. पायाचा रस्सा रात्री गार झाला की भांड्यात थलथलीत होऊन बसतो, तोही त्यातलाच प्रकार. कातडी, हाडं, हिरड्या, सांधे, रक्तवाहिन्या या सगळ्यांना धरून ठेवणारं जे प्रथिन आहे ते कोलॅजन. आपल्या अंगात जेवढी प्रथिनं आहेत, त्यातला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा हेच एक प्रथिन आहे. म्हणजे घराच्या भिंतीत जसा गिलावा, दगड आणि माती धरून ठेवतो, तसं ते अंग धरून ठेवतं.

आणि हा गिलावा एकदा लावला की संपलं असं नसतं. तो झिजतो, आणि शरीर तो पुन्हा लावत राहतं. हे माणसाला पहिल्यांदा फार भयंकर रीतीने दिसलं.

१७४० साली इंग्लंडहून जॉर्ज अॅन्सन नावाचा आरमारी अधिकारी जहाजांचा ताफा घेऊन निघाला. चार वर्षांत त्याने पृथ्वीला फेरी मारली. पण बरोबर गेलेल्या खलाशांपैकी बहुतेक परत आले नाहीत. तोफेने फार थोडे मेले. बहुतेकांना नेलं स्कर्व्ही नावाच्या रोगाने. महिनोन् महिने खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खायची, ताजं काहीच नाही. आधी थकवा यायचा, मग हिरड्या सुजून रक्त यायचं, दात हलायचे, अंगावर काळेनिळे डाग पडायचे. त्या सफरीची हकिकत १७४८ साली छापली गेली. तीत एका म्हाताऱ्या सैनिकाची गोष्ट आहे. तो तरुणपणी, पन्नास वर्षांपूर्वी, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. जखमा तेव्हाच भरल्या होत्या, पुढे सगळं आयुष्य तो धडधाकट होता. जहाजावर स्कर्व्ही झाली आणि त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या जखमा पुन्हा उघडल्या. जणू कधी भरल्याच नव्हत्या.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. मला काकूची नडगी आठवली. भरलेली जखम म्हणजे काय, तर कोलॅजनने घातलेले टाके. ते टाके शरीर आयुष्यभर घालत राहतं. सामान संपलं की जुनी शिवणसुद्धा उसवते.

मग सामान कोणतं? याचा पहिला चांगला शोध एका जहाजावरच्या डॉक्टरने घेतला. त्याचं नाव जेम्स लिंड. १७४७ च्या मे महिन्यात सॅलिसबरी नावाच्या जहाजावर त्याने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले, सगळे साधारण सारख्याच अवस्थेतले. त्यांना एकाच जागी ठेवलं, जेवण एकच दिलं, आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, दुसरीला पाण्यात कालवलेलं सौम्य तेजाब, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला लसूण-मोहरी वगैरे घालून केलेला लगदा. सहाव्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत संत्री-लिंबूवाल्यातला एक जण कामावर उभा राहिला. दुसराही बाकी सगळ्यांपेक्षा लवकर सुधारला. सफरचंदाच्या दारूवाल्यांना थोडा उतार पडला. इतरांना काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, उत्तर सापडलं. पण लिंडने आपलं पुस्तक १७५३ साली छापलं, आणि इंग्लंडच्या आरमाराने सगळ्या खलाशांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली ती १७९५ च्या सुमारास. मधे चाळीसहून जास्त वर्षं गेली. तेवढ्यात किती जण गेले असतील, त्याची कल्पना तुम्हीच करा. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांचं जेवण ताजं होतं, आणि मरत होता तो खलाशी. अशा गोष्टींना उशीर का होतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणखी एक घोळ पुढे झाला. भूमध्य समुद्राकडचं मोठं पिवळं लिंबू सोडून इंग्रजांनी १८६० नंतर वेस्ट इंडीज बेटांतल्या हिरव्या छोट्या लिंबाचा रस घ्यायला सुरुवात केली, कारण ती बेटं त्यांच्याच ताब्यात होती. हा रस साठवून, बाटल्यांत भरून, महिनोन् महिने ठेवून वापरायचे. त्याचा गुण जवळजवळ उडून गेलेला असायचा. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या त्यांच्या मोहिमेत रस सोबत असूनही माणसं स्कर्व्हीने आजारी पडली. मग विद्वानांनाच शंका यायला लागली, की लिंबाचा आणि या रोगाचा खरंच काही संबंध आहे का? सापडलेलं उत्तर माणसं अशी हरवूनही बसतात.

आता आपल्या मातीची गोष्ट सांगते.

आपल्या सातारा, रत्नागिरी भागात अनेक गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ एक संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यातले इतके मरण पावले, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. लहानपणी मी अशा पाटीखाली बसून एसटीची वाट बघितली आहे. ते गेले कुठे, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. त्यांतले पुष्कळजण गेले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहावी पुणे डिव्हिजन नावाचं सैन्य तिकडे होतं. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या काठी कूत नावाच्या गावात तुर्की फौजेने त्यांना वेढा घातला. तो वेढा एप्रिल १९१६ च्या शेवटापर्यंत, जवळजवळ पाच महिने चालला.

आत अन्न संपत गेलं, तेव्हा घोडे मारून खायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी सैनिकांनी नाही. धर्म आड आला, जात आड आली. गावी परत गेल्यावर लोक वाळीत टाकतील, घरात सोयरीक जमणार नाही, ही भीती होती. हिंदुस्थानातून धर्मपंडितांची परवानगी मागवली, तरी शेवटचे काही दिवस येईपर्यंत पुष्कळांनी तोंडाला लावलं नाही. त्यांच्या वाट्याला मुख्य राहिलं पीठ. त्या वेढ्यात हजाराहून जास्त हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाली. गोऱ्यांना ती फारशी झाली नाही, कारण ताज्या मांसात ते जीवनसत्त्व थोडं का होईना असतं. उलट गोऱ्यांना मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाली, आणि आपल्या लोकांना कोंड्यासकट आट्याने त्यापासून वाचवलं. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटात काय आहे यावरून रोग ठरत होता. आणि कूतच्या बाहेर मेसोपोटेमियात जे हिंदी सैन्य होतं, त्यातही १९१६ साली हजारो जणांना स्कर्व्ही झाली.

मैत्रिणींनो, ही माणसं अशा घरांतून गेली होती, जिथे आठवड्यातून दोनदा तरी मटकी, हुलगे, मूग भिजत पडायचे. सैन्याच्या शिध्यात डाळ असायची. पण भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत, आणि कोरड्या डाळीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं.

या प्रश्नावर लंडनमध्ये काम करत होती एक बाई, हॅरिएट चिक. १८७५ साली जन्मलेली. १९०५ साली तिने लिस्टर इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत जागेसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या दोघा शास्त्रज्ञांनी संचालकांना विनवलं होतं, बाईला घेऊ नका. तरी तिला घेतलं. महायुद्ध लागलं, सैनिक या आजारांनी पडायला लागले, तेव्हा तिने मार्गारेट ह्यूम आणि आणखी काही बायकांबरोबर कोणत्या अन्नाने स्कर्व्ही टळते हे तपासायला घेतलं.

त्यांनी प्रयोग केले गिनीपिग नावाच्या छोट्या प्राण्यावर. त्याचं कारण आहे. आपली शेळी, गाय, कुत्रं हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात तयार करतात. त्यामुळे शेळीला लिंबू लागत नाही. माणसाला आणि गिनीपिगला ते तयार करता येत नाही. ते रोजच्या खाण्यातूनच यावं लागतं. गिनीपिगलाही स्कर्व्ही होते हे नॉर्वेतल्या दोघा संशोधकांनी १९०७ साली दाखवलं होतं, आणि मोड आलेल्या कडधान्याचा गुणही तिथल्या प्रयोगशाळेत आधी दिसला होता. हॅरिएट चिक आणि तिच्या सोबतिणींनी तो नीट मोजला आणि सैन्याच्या कामाचा केला. कोरड्या कडधान्यात काही नाही. तेच कडधान्य भिजवून, ओलसर ठेवून, एक-दोन दिवसांनी मोड आले की स्कर्व्ही टळते. दाणा स्वतःच्या रोपासाठी ते जीवनसत्त्व मोडाबरोबर तयार करतो. १९१८ साली सर्बियन सैनिकांच्या रुग्णालयात एका डॉक्टरने निम्म्या रुग्णांना मोड आलेला घेवडा आणि निम्म्यांना लिंबाचा रस दिला. मोडाचा गुण रसाइतकाच, किंबहुना थोडा बरा निघाला.

बाटलीतल्या लिंबाच्या रसाचं कोडंही या बायकांनीच सोडवलं. छोट्या लिंबाचा ताजा रस मोठ्याच्या मानाने साधारण चौथाई गुणाचा, आणि साठवून ठेवलेल्या रसात तर काहीच नाही, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्यातल्या अॅलिस हेंडरसन स्मिथने जुनी दप्तरं चाळून आरमाराने लिंबू कधी बदललं ते शोधलं. हॅरिएट चिक पुढे १०२ वर्षं जगली.

आता तुम्ही विचाराल, आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं का? जीवनसत्त्व हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. पण दाणे रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, वर वजन ठेवायचं, हे त्यांच्या हातात होतं. लंडनच्या प्रयोगशाळेने सैन्याला जी रीत लिहून दिली, ती आपल्याकडे रोज हाताने होतच होती.

ज्या वस्तूमुळे हे सगळं घडत होतं, ती वेगळी काढली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरीच्या शास्त्रज्ञाने. पण ती भरपूर मिळेना. तो स्वतः सांगायचा, की एका संध्याकाळी बायकोने जेवायला ढोबळी मिरची वाढली. त्याला ती खायची नव्हती. तसं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून 'प्रयोगशाळेत नेऊन तपासतो' म्हणाला. तपासली, तर त्या मिरचीत क जीवनसत्त्वाचा साठाच सापडला. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपण परत कोलॅजनकडे येऊ. पुरेशी प्रथिनं खाल्ली म्हणजे कोलॅजन होणारच, असं कुणालाही वाटेल. १९३९ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये जॉन क्रॅन्डन नावाच्या तरुण डॉक्टरने हे स्वतःवर तपासलं. सहा महिने त्याने फळं आणि भाजी पूर्ण बंद केली. पाव, चीज, अंडी असं खात राहिला, म्हणजे प्रथिनं पोटात जात होती. तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम एक छेद करून घेतला, तो नीट भरला. सहाव्या महिन्यात दुसरा घेतला. तो वरून मिटलेला दिसला, पण आतून भरलाच नाही. मग त्याला क जीवनसत्त्व दिलं, आणि दहा दिवसांत जखम भरली. अंगातला साठा संपायला महिने लागतात, म्हणून आपल्याला कळत नाही. आणि मिळालं की शरीर लगेच कामाला लागतं.

हे असं का होतं, ते समजायला कोलॅजनचा आकार कळावा लागला. तो कळला आपल्या देशात. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी तो मांडला. तिथल्या चामड्याच्या संशोधन संस्थेकडून त्यांना कांगारूच्या शेपटीतल्या स्नायूबंधाचा नमुना मिळाला होता. त्यावर क्ष-किरण टाकून त्यांनी दाखवलं, की कोलॅजन म्हणजे तीन धागे एकमेकांभोवती गुंफलेले आहेत. आपली तिपेडी वेणीच समजा. पुढे हेही उलगडलं, की या वेणीचे पेड घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर पेड सैल राहतात आणि वेणी सुटते. बॉइनच्या म्हाताऱ्या सैनिकाची जखम का उघडली, त्याचं उत्तर असं दोनशे वर्षांनी मिळालं.

म्हणजे वेणीला दोन गोष्टी हव्यात. केस म्हणजे प्रथिनं, आणि त्यांना धरून ठेवणारं क जीवनसत्त्व. एक असून दुसरं नसेल तर काम होत नाही.

आता त्या डब्याबद्दल. डब्यातली पावडर म्हणजे जनावराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांतून काढलेलं कोलॅजन, बारीक तुकडे केलेलं. आपण ती खाल्ली की पोट तिचे आणखी तुकडे करतं, डाळीच्या आणि अंड्याच्या प्रथिनांचे करतं तसेच. ते तुकडे थेट गालावर जाऊन बसत नाहीत. काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा थोडा सुधारलेला दिसला, पण त्यातले बरेच अभ्यास पावडर बनवणाऱ्यांच्याच पैशावर झालेले आहेत. आणि रंग उजळणं हा कोलॅजनचा विषयच नाही. आपल्या कातडीचा रंग आपल्या आईबापाकडून आलेला आहे, तो उत्तम आहे. कातडी सुरकुतते ती वयाने आणि उन्हाने. उन्हात राबणाऱ्या बाईने डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर सावली पडेल असा घ्यावा, बाह्या पूर्ण घालाव्यात. त्याला कर्ज लागत नाही.

बाईला दिवसाला साधारण ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, अंगावर पाजणारीला जास्त. एका मध्यम पेरूत ते भागून उरतं, कारण १०० ग्रॅम पेरूत दोनशेच्या आसपास असतं. आवळ्यातही भरपूर. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू यांत चांगलं. मोडात पेरूइतकं नाही, पण मोडात प्रथिनंही आहेत, म्हणजे वेणीच्या दोन्ही गोष्टी एकाच वाटीत. फक्त हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि साठवणीने जातं. म्हणून उसळ रटरट शिजवू नका, एक वाफ पुरे. लिंबू भांडं चुलीवरून उतरल्यावर पिळा. भाजी चिरून पाण्यात बुडवून ठेवू नका. कच्चे मोड खायचे तर स्वच्छ पाण्याने धुऊन, आणि गरोदर बाईने वाफवूनच.

दोन गोष्टी मात्र ताटाच्या बाहेरच्या आहेत. पहिली, मिश्री. हिरड्यांतून रक्त आलं की आपल्या बाया अजून मिश्री चोळतात. मिश्री म्हणजे तंबाखू. ती हिरड्या बिघडवते आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते. दुसरी, न भरणारी जखम. तिला दरवेळी खाणंच कारण असतं असं नाही. साखरेचा आजार असू शकतो. दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर पेरू खात घरी बसू नका, रक्त तपासा.

आम्ही काकूला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. साखर ठीक निघाली. रक्त मात्र फार कमी, हिमोग्लोबिन आठच्या खाली. जखमेत जंतू झाले होते. डॉक्टरांनी मलमपट्टी सुरू केली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, कारण क जीवनसत्त्वाने लोह अंगाला चांगलं लागतं. मग विचारलं, "काय खाता?"

"भाकरी आन् चटणी," काकू म्हणाली.

"मटकीची उसळ करत नाही?"

"करते की. आठवड्यातनं दोनदा."

"मग खात का नाही?"

काकू हसली. "सगळ्यांचं झाल्यावर उरली तर खाते. उरत न्हाई."

मला परत ते कूत आठवलं. तिथे आपल्या माणसांच्या आणि अन्नाच्या मधे एक न लिहिलेला नियम उभा होता. इथेही एक आहे. मोड काकू आणते, फडकं काकू बांधते, उसळ काकू करते, आणि वाटी तिच्यापर्यंत येत नाही. हा नियमही कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडायला कुणाची परवानगीही लागत नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, माझा साड्यांमागचा डबाही सांगितला. बाया खूप हसल्या. पावडरीसाठी कर्ज देऊ नये, असा ठराव झाला. काकूनेच पहिला अंगठा, म्हणजे आता सही, केली. पण तेवढ्यावर मिटलं नाही. एक जण म्हणाली, "घरी आपण खाणारच न्हाई. हितंच खाऊ." मग दुसरा ठराव इतिवृत्तात लिहिला. दर बैठकीला पाळीपाळीने एकीने मोड आलेली मटकी आणायची, दुसरीने लिंबू आणि कोथिंबीर. हजेरी झाली, बचत गोळा झाली, की वाट्या भरायच्या. घरी न्यायची नाही, नातवासाठी बांधून घ्यायची नाही. तिथेच बसून खायची.

सहा आठवडे झाले. आठवड्यातून एक वाटी पुरेशी नाही, हे मलाही कळतं. पण काकूने परवा सांगितलं, की आता ती घरीही पहिली वाटी बाजूला काढून ठेवते. सासूने विचारलं, ही कुणाची? तर म्हणाली, माझी. जखमेवर आता कोवळी कातडी आली आहे. मलमपट्टीचा गुण, गोळ्यांचा आणि खाण्याचा, सगळ्यांचाच असेल.

तुमच्या गटात कुणी असा डबा विकायला आला, तर त्याला बसवा, पाणी द्या, आणि हा इतिहास सांगा. आणि आज रात्री मटकी भिजत घालाल, तेव्हा एक मूठ स्वतःच्या नावाची जास्त घाला.